सॉकेट जुळलं, तरी मॉनिटर काळाच

लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला बी४५० मदरबोर्ड आणला आणि त्यावर नवाकोरा रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसवला. दोन्हींचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४, म्हणून मी निर्धास्त होतो. बटण दाबलं, पंखे फिरले, मॉनिटर मात्र काळाच. रॅम काढून पुन्हा बसवली. केबल ग्राफिक्स कार्डालाच होती (या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, बोर्डाच्या पोर्टात लावून उपयोग नाही).

शेवटी बोर्डाच्या कंपनीची सीपीयू सपोर्टची यादी उघडली, तेव्हा उलगडा झाला. बोर्डाचा बी४५० चिपसेट २०१८चा, प्रोसेसर २०२२चा. बोर्डावरचं जुनं बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) त्या प्रोसेसरला ओळखतच नव्हतं! यादीत प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कोणतं बायॉस हवं ते लिहिलेलं असतं. हे आधी बघायला हवं होतं.

सुदैवाने माझ्या बोर्डाला फ्लॅशबॅकचं, म्हणजे मशीन सुरू न होताही पेनड्राइव्हवरून बायॉस बदलायचं, बटण आहे. सगळ्या बी४५०ना ते नसतं. नेमक्या मॉडेलची नव्या बायॉसची फाइल उतरवली, एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मॅन्युअलमधल्या नावाने ठेवली, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात लावली आणि बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकत होता तोवर वीज जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलो. काही मिनिटांनी तो विझला. मशीन चालू केलं, आणि मॉनिटरवर प्रोसेसरचं नाव झळकलं.