निळसर गाठ: हिमॅन्जिओमा की व्हीनस मालफॉर्मेशन, हे कसे ओळखावे

रक्तवाहिन्यांच्या विकारांत उपचार चुकतो तो बहुधा नावापासूनच. त्वचेवरील प्रत्येक लाल-निळ्या गाठीला सरसकट हिमॅन्जिओमा म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. वास्तविक पेशी वाढल्यामुळे होणारी गाठ (हिमॅन्जिओमा) आणि मुळातच रचना बिघडलेली रक्तवाहिनी (मालफॉर्मेशन) हे दोन निराळे विकार आहेत, हे मलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी १९८२ मध्येच मांडले होते.

म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो गाठ केव्हा दिसली आणि कशी वाढली, हा. बाळाचा हिमॅन्जिओमा बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उठून दिसतो, पुढचे काही महिने झपाट्याने वाढतो आणि त्यानंतर काही वर्षांत ओसरतो. व्हीनस मालफॉर्मेशन, म्हणजे शिरांच्या रचनेतला दोष, जन्मापासून असतो, जरी तो पुढे कधीतरी लक्षात आला तरी. तो शरीराबरोबर वाढतो आणि आपोआप जात नाही. ‘मोठेपणी जाईल’ हा दिलासा येथे लागू पडत नाही, आणि त्यावर विसंबून अनेकांची वर्षे वाया जातात.

यानंतर गाठ हाताने तपासावी. व्हीनस मालफॉर्मेशनची गाठ मऊ असते, हलके दाबल्यावर रिकामी होते आणि बोट काढताच सावकाश भरते. हातावर असेल तर हात खाली सोडल्यावर फुगते, डोक्याच्या वर धरल्यावर बसते. आत वाटाण्याएवढा कठीण खडा लागला, तर तो साकळलेल्या रक्तात कॅल्शियम साचून झालेला फ्लेबोलिथ असण्याची शक्यता असते. गाठ गरम लागत असेल आणि तिच्यात ठोके जाणवत असतील, तर मात्र धमनी आणि शीर थेट जोडली गेल्याचा संशय घ्यावा आणि तज्ज्ञांनी पाहीपर्यंत तिला सुई किंवा शस्त्र लावू देऊ नये.

निदानासाठी आधी रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करतात. दोष स्नायूंत किंवा सांध्यात किती खोल गेला आहे, हे एमआरआयवर कळते. विकृती मोठी असल्यास डी-डायमर आणि फायब्रिनोजेन या रक्त साकळण्याशी संबंधित चाचण्या करण्याचा आग्रह धरावा, कारण मंदावलेले रक्त आतल्या आत साकळत राहते, त्यात साकळण्याचे घटक खर्ची पडतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यातून गंभीर रक्तस्राव उद्भवू शकतो.

त्रास नसेल तर केवळ लक्ष ठेवणे पुरते. हातापायाच्या दुखण्यावर मापाचे दाबमोजे उपयोगी पडतात. स्क्लेरोथेरपीत शिरेत औषध टोचून ती आकसवतात, पण बहुतेकदा एका बैठकीत काम भागत नाही. पसरलेल्या विकृतीत सिरोलिमस हे पेशींची वाढ रोखणारे औषध देतात. हिमॅन्जिओमावर गुणकारी ठरणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध येथे उपयोगी नाही. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी, तसेच गर्भधारणेचे ठरवताना, रक्त साकळण्याचा धोका वाढत असल्याने डॉक्टरांना या विकाराची कल्पना अवश्य द्यावी. अचानक धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा एक पाय एकाएकी सुजला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.