मालदीवला जाताय? बिकिनी-शॉर्ट्सच्या आधी डॉक्टरकडे जाऊन या

तिकीट काढलं की पहिलं काम, निघायच्या महिना-दीड महिना आधी फॅमिली डॉक्टरला भेटा, आदल्या आठवड्यात नको कारण लस घेतल्यावर अंगात तयारी व्हायला वेळ लागतो. टायफॉइडची निदान २ आठवडे आधी घ्या, हेपेटायटिस ए चा एक डोस आत्ता आणि दुसरा ६ महिन्यांनी, आणि धनुर्वाताची १० वर्षांत घेतली नसेल तर तीही उरकून टाका. यलो फीव्हरची मुंबईहून थेट जाणाऱ्याला लागत नाही, पण केनियासारख्या देशातून येत असाल तर सर्टिफिकेट मागतात आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनीच चालतं.

मलेरियाची गोळी नको, २०१५ सालीच डब्ल्यूएचओने मालदीव मलेरियामुक्त जाहीर केलंय. डेंग्यू मात्र आहे, आणि "आम्ही दादरचे, आम्हाला काय डास चावणार" असं म्हणू नका, कारण दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त त्रास देऊ शकतो. डास दिवसा चावतो म्हणून आधी सनस्क्रीन, मग वरून रिपेलंट. ताप आला तर पॅरासिटामॉलच, ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ओआरएसची पाकिटं घ्या, रोजच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत. इन्शुरन्स घ्याच, मोठी हॉस्पिटलं राजधानी मालेकडे आणि तुमचं रिसॉर्ट कुठल्यातरी लांबच्या बेटावर, तिथून सीप्लेनने न्यायचं म्हणजे खिसा रिकामा! आणि स्कुबा केलंत तर परतीच्या फ्लाइटआधी १८ ते २४ तास गॅप ठेवा.