कर्लिंग बघायचंय? आधी शेवटचा दगड कुणाचा ते बघा

कोल्हापुरात फुटबॉल सोडून दुसरं काय बघायचं म्हटलं की पोरं तोंड वाकडं करतात, त्यात कर्लिंग, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायचा आणि त्याच्या पुढं झाडूनं घासायचं, मग तर विषयच संपला. माझी आजी दहा मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, एवढं घासायलेत, पगार किती हाय रे यांना? पण हिवाळी ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं कर्लिंग एकदा कळलं ना की लई नाद लागतोय, त्यामुळं कसं बघायचं ते सांगतो.

पहिलं काम, घरातला कॅरम काढा. नऊ काळ्या नऊ पांढऱ्या असतात, त्यातली एकेक बाजूला ठेवा, राहिल्या आठ-आठ. एका एंडला, म्हणजे एका डावाला, दोन्ही टीमकडं एवढेच दगड असतात, चार खेळाडू आणि प्रत्येकी दोन. असे दहा एंड. आता खडूनं फरशीवर गोल काढा, त्याला हाऊस म्हणायचं, आणि मध्ये ठिपका द्या. समजा ठिपक्याला सगळ्यात जवळ पांढरी आहे, तिच्यानंतर परत पांढरी, मग काळी, मग परत पांढरी. पॉइंट किती? पांढऱ्याला दोन, काळ्याला शून्य. काळीच्या पलीकडची तिसरी पांढरी धरायची नाही. म्हणजे एका एंडला एकच टीम पॉइंट घेते, दुसरीला भोपळा. हे दोन-चारदा मांडून बघा, वाचून डोक्यात बसत नाही.

आता खरी गोष्ट. स्कोअर बघायच्या आधी हॅमर कुणाकडं आहे ते बघायचं, हॅमर म्हणजे त्या एंडचा शेवटचा दगड टाकायचा हक्क. ज्यानं पॉइंट घेतले, पुढच्या एंडला हॅमर त्याच्या समोरच्याकडं असतोय. म्हणून हॅमर असून एकच पॉइंट मिळाला तर तो जरा तोट्याचाच सौदा, दोन घेतले तर बरं, आणि हॅमर नसताना पॉइंट मारला तर त्याला स्टील म्हणतात, तिथं ओरडायला हरकत नाही. कधी कधी शेवटचा दगड टाकून गोल पूर्ण रिकामा करतात, आपल्याला वाटतं चुकला बिचारा, पण तो मुद्दाम असतोय भावा! कुणालाच पॉइंट नाही मग हॅमर त्याच्याकडंच राहिला. मला हे कळायला एक अख्खी स्पर्धा गेली.

दगड म्हणजे खराखुरा ग्रॅनाइट, स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटावरचा, वजन वीस किलोच्या जरा आत, म्हणजे दहा किलोचे दोन गुळाचे रवे धरा. बर्फ पण गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे केलेले असतात, त्यामुळं दगड कमी ठिकाणी टेकतो आणि सरकतो, कॅरमवर आपण पावडर टाकतो तसलंच काम. सोडताना हँडलला थोडा पीळ देतात म्हणून दगड हळूहळू वळत जातोय. पुढं घासलं की तो लांब जातो आणि कमी वळतो. म्हणून गोलाजवळ उभा स्किप, म्हणजे कॅप्टन, बेंबीच्या देठापासून ओरडत असतो तेव्हा दगडाकडं नको, झाडूकडं बघा, घासायचं थांबवलं की दगड वळायला लागलाच समजा.

सुरुवातीला गोलाच्या पुढं दगड ठेवतात ते गार्ड. पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा गार्ड उडवता येत नाही, त्यामुळं सुरुवात संथ वाटते. तेवढ्यात चहा ठेवा.

ऑलिम्पिकला दहा टीम, प्रत्येकाच्या नऊ मॅच, वरच्या चार सेमीफायनलला. सगळं बघत बसलात तर घरचे हाकलतील, एक मॅच अडीच-तीन तास चालते. 2026 चं ऑलिम्पिक इटलीतलं, तिथं सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडं दुपारचे दीड, आणि तिथं संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, त्या हिशोबानं ठरवा. वेळ कमी असंल तर आठव्या एंडपासनं बसा.

पण एखादी टीम लवकर मोडीत काढू नका. 2018 ला प्यॉंगचांग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा स्किप जॉन शूस्टर पहिल्या सहा मॅचमधल्या चार हरला होता, त्यानंतर एकही हरला नाही. फायनलला स्वीडनसमोर 5-5, आठवा एंड, हॅमर अमेरिकेकडं, शेवटच्या दगडानं स्वीडनचे दोन उडवले आणि एकदम पाच पॉइंट. मॅच 10-7 नं संपली, सोनं घेऊन गेले.

आणि हो, नववा एंड चालू असताना मधेच सगळे हात मिळवायला लागले तर टीव्ही बिघडलाय समजून रिमोट आपटू नका. हरणाऱ्यानं हार मान्य केली, मॅच संपली.