राज्यपाल मुदतीआधी पायउतार झाले, तर पुढे कोण? या चुका टाळा

महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ९ सप्टेंबर २०२५ रोजी उपराष्ट्रपतिपदी निवडून आले, १२ तारखेला त्यांनी नव्या पदाची शपथ घेतली आणि १५ तारखेला गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांनी मुंबईत महाराष्ट्राच्या अतिरिक्त कार्यभारासाठी शपथ घेतली. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकवताना मी हे उदाहरण आवर्जून घेतो, कारण मुदतीआधी रिकाम्या होणाऱ्या राज्यपालपदाविषयीचे बहुतेक गैरसमज या एका आठवड्याच्या घडामोडींत तपासून पाहता येतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘क्रमाने पुढचा कोण’ हे शोधत बसणे. राष्ट्रपतिपद रिकामे झाले, तर अनुच्छेद ६५ नुसार उपराष्ट्रपती ते काम आपोआप हाती घेतात. त्यामुळे राज्यातही तशीच काही सोय असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात राज्यपालांना घटनेने दुय्यम दिलेला नाही आणि त्यांच्या पदाला उत्तराधिकाराची रांगही नाही. अनुच्छेद १५५ नुसार राष्ट्रपती राज्यपालांची नेमणूक करतात आणि घटनेने आधी विचार न केलेला प्रसंग उद्भवला, तर राज्यपालांची कामे कोणी पाहायची याची योग्य वाटेल ती तजवीज राष्ट्रपतींनी करावी, असे अनुच्छेद १६० सांगतो. व्यवहारात हा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतो.

अमेरिकेच्या बातम्या वाचून या गोंधळात भर पडते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो ऑगस्ट २०२१ मध्ये पायउतार झाले तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर कॅथी होकल त्यांच्या जागी आल्या. तेथे ही दोन्ही पदे लोकनियुक्त आहेत. आपल्याकडचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे नायब राज्यपाल, मात्र दिल्लीसारख्या केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासक असतात. त्यांचा एखाद्या राज्याच्या राज्यपालपदावर क्रमाने हक्क येत नाही, आणि उत्तरपत्रिकेत तसे लिहिणाऱ्याचे गुण हमखास जातात.

उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आपोआप हंगामी राज्यपाल होतात, हा समज त्याहून चिवट आहे आणि त्यामागे खरा इतिहास आहे. १९६९ मध्ये पी. व्ही. चेरियन आणि १९७६ मध्ये अली यावर जंग या महाराष्ट्राच्या दोन राज्यपालांचे पदावर असतानाच निधन झाले, तेव्हा दोन्ही वेळा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी काही काळ राज्यपालांचे काम पाहिले. पण तो प्रघात होता, घटनेतला नियम नव्हे. अलीकडे बहुधा दुसऱ्या राज्याच्या राज्यपालांकडेच कार्यभार सोपवला जातो. २०१४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी मिझोरमला बदली झाल्यावर राजीनामा दिला, तेव्हा सी. विद्यासागर राव येईपर्यंत गुजरातच्या ओम प्रकाश कोहलींनी महाराष्ट्राचे काम पाहिले. २०२० मध्ये सत्यपाल मलिक गोव्यातून मेघालयात गेले, तेव्हा गोव्याचा अतिरिक्त कार्यभार महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे आला आणि तो जुलै २०२१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला.

तारखांची गल्लत तर रोजचीच. राजीनामा दिला ती तारीख, राष्ट्रपतींनी तो स्वीकारल्याचे जाहीर झाले ती तारीख, नव्या नेमणुकीची घोषणा आणि शपथ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कोश्यारी यांचा राजीनामा स्वीकारल्याचे आणि रमेश बैस यांची नेमणूक झाल्याचे १२ फेब्रुवारी २०२३ रोजी एकत्रच जाहीर झाले, परंतु बैस राज्यपाल झाले ते १८ फेब्रुवारीला शपथ घेतल्यावर. अतिरिक्त कार्यभार असेल तर शपथ लागत नाही, असे म्हणणेही चूक आहे. अनुच्छेद १५९ मध्ये राज्यपालांबरोबरच ‘राज्यपालांची कामे पार पाडणारी प्रत्येक व्यक्ती’ असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणूनच गांधीनगरात पदावर असलेल्या देवव्रत यांना मुंबईत येऊन मुख्य न्यायमूर्तींसमोर पुन्हा शपथ घ्यावी लागली.

नव्या राज्यपालांना आधीच्यांची उरलेली मुदतच मिळते, हा विधानसभेच्या पोटनिवडणुकीवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष आहे. अनुच्छेद १५६ मधली पाच वर्षे पद हाती घेतल्याच्या दिवसापासून मोजली जातात, आणि ती संपली तरी उत्तराधिकारी पद हाती घेईपर्यंत राज्यपाल कायम राहतात. उत्तर प्रदेशच्या आनंदीबेन पटेल यांनी जुलै २०१९ मध्ये सूत्रे घेतली आणि जुलै २०२४ मध्ये पाच वर्षे उलटल्यावरही त्या पदावर राहिल्या.

मात्र ही पाच वर्षे म्हणजे हमी नव्हे. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर असतात. त्यांच्यासाठी महाभियोग नाही. जुलै २००४ मध्ये उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा या चार राज्यांचे राज्यपाल एकाच वेळी हटवले गेले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या बी. पी. सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये सांगितले की, कारण कळवण्याचे बंधन नसले तरी राज्यपालांना मनमानीने किंवा दुष्ट हेतूने हटवता येणार नाही, आणि केंद्रात सरकार बदलले एवढे कारण पुरेसे नाही. ‘मर्जी’ हा एकच शब्द पाठ करून या निकालाकडे दुर्लक्ष करणे मला विशेष खटकते, कारण पदाची प्रतिष्ठा जपणारी मर्यादा तिथेच आहे.

राज्यपाल गेले म्हणून मंत्रिमंडळ जात नाही, हेही अनेकांना सांगावे लागते. मंत्री राज्यपालांच्या मर्जीने पदावर असतात असे अनुच्छेद १६४ म्हणतो खरे, पण ते नाते पदाशी आहे, व्यक्तीशी नव्हे. मंत्रिमंडळ उत्तरदायी आहे ते विधानसभेला. त्याच न्यायाने सहीसाठी आलेली विधेयके व्यक्ती बदलली म्हणून रद्द होत नाहीत, आणि राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपतिपदही नव्याने शपथ घेणाऱ्यांकडे आपोआप येते.

ज्यांनी कुलपतींकडे किंवा राज्यपालांकडे निवेदन पाठवले आहे, त्यांनी केवळ नाव बदलले म्हणून ते पुन्हा पाठवण्याची गरज नाही. पहिल्या पत्राची पोचपावती आणि आवक क्रमांक जपून ठेवावा, आणि नवे पत्र लिहायचे झाल्यास पाकिटावर नाव न घालता ‘मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य, मलबार हिल, मुंबई’ एवढेच लिहावे.