साय-फाय मालिकेतली गफलत कशी पकडावी: एका गाजलेल्या शेवटाच्या निमित्ताने

काळप्रवासाची गोष्ट बघून झाली की बऱ्याचदा ‘काहीतरी चुकलंय’ असं वाटत राहतं, पण नेमक्या जागी बोट ठेवता येत नाही. ते ठेवायला शिकता येतं. त्यासाठी इथे एकच भाग घेतलाय आणि तो पुरतो: ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा शेवटचा दुहेरी भाग, ‘ऑल गुड थिंग्ज’, मे १९९४. रोनाल्ड मूर आणि ब्रॅनन ब्रागा यांनी लिहिलेला हा भाग मला मालिकेतल्या सगळ्यात सुंदर भागांपैकी एक वाटतो, १९९५ साली त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला, आणि त्यात एक मोठी चूक आहे. तुम्ही तो पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे शेवट सांगितलाय.

आधी नुसतं बघा

पहिल्यांदा बघताना पॉज करू नका, मोबाइल बाजूला ठेवा. जिथे मनात खट्ट झालं तेवढं लक्षात ठेवा. चुका शोधायच्या म्हणूनच बघायला बसलं की गोष्ट हातातून निसटते, आणि गोष्टच कळली नाही तर चूकही कळत नाही.

दुसऱ्यांदा बघताना नियम लिहून काढा

आता वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: कितव्या मिनिटाला, गोष्टीने काय सांगितलं, आणि पडद्यावर काय दिसलं. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. खऱ्या विज्ञानात काय शक्य आहे हा प्रश्न इथे गैरलागू. यान प्रकाशापेक्षा वेगाने जातं हे आपण एकदा मान्य केलंय, त्याबद्दल पुन्हा पुन्हा तक्रार करण्यात अर्थ नाही. गोष्टीने स्वतः कोणता शब्द दिला, तेवढंच टिपा.

आपल्या भागातले नियम असे. ‘एंटरप्राइज’ यानाचा प्रमुख कॅप्टन पिकार्ड, त्याचं मन तीन काळांत उड्या मारतं: सात वर्षांपूर्वी, आज आणि साधारण पंचवीस वर्षांनंतर. डेव्हरॉन नावाच्या ठिकाणी अवकाशात एक भेग आहे. ती आज मोठी आहे आणि भूतकाळात त्याहून मोठी, कारण ती उलट्या दिशेने, म्हणजे भविष्याकडून भूतकाळाकडे वाढत जाते. वाढता वाढता ती साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या पृथ्वीपर्यंत पोहोचते आणि तिथे जीव जन्मालाच येत नाही. ती निर्माण होते तिन्ही काळांतून त्याच जागी सोडलेल्या टॅकिऑन (प्रकाशापेक्षा वेगवान असे काल्पनिक कण) किरणांमुळे. म्हणजे भेगेचा शोध घ्यायला गेलेल्या पिकार्डनेच ती पाडलेली असते.

कोणत्या जातीची चूक आहे ते ठरवा

सगळ्याच खटकणाऱ्या गोष्टींना प्लॉट होल, म्हणजे कथानकातलं भोक, म्हणायची सवय लागली आहे. त्याने नुकसान होतं, कारण खरी भोकं गर्दीत हरवतात.

कंटिन्युइटीची चूक म्हणजे आधी दाखवलेल्याशी नंतरचं न जुळणं. शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही. दाराबाहेरचा प्रसंग आज आणि दाराच्या आतला पंधरा दिवसांनी शूट होऊ शकतो, म्हणून सेटवर कंटिन्युइटी बघणारं माणूस लागतं. मालिकेत हेच काम वर्षानुवर्षं पुरवायचं असतं. ‘व्हॉयेजर’ या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये सांगितलं जातं की यानावर ३८ टॉर्पेडो आहेत आणि नवे मिळायची सोय नाही. सातही सीझन मिळून यानाने त्याहून बरेच जास्त झाडले. ही हिशेबाची चूक आहे. नंतर नवे बनवले असतील असं आपण मनाशी म्हणू शकतो, पण मग ‘सोय नाही’ या वाक्याने जी भीती दाखवली होती ती फुकट गेली.

उलट ‘ऑल गुड थिंग्ज’मध्ये ही बाजू कौतुकाने सांभाळली आहे. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९८७च्या पहिल्या भागात रायकर, डॉक्टर क्रशर आणि जॉर्डी हे एंटरप्राइजवरचे तिघे अधिकारी फारपॉइंट स्टेशनवर यानाची वाट बघत असतात, म्हणून शेवटच्या भागातल्या भूतकाळातही ते यानावर दिसत नाहीत. यानावरच्या समुपदेशक ट्रॉयचा सुरुवातीचा आखूड स्कर्टचा गणवेश परत येतो. सुरक्षा अधिकारी टाशा यार, जी पहिल्याच सीझनमध्ये मेली, ती जिवंत उभी असते. हे जुळलेलंही वहीत लिहा. लेखकांनी कुठे जीव ओतला ते कळल्याशिवाय कुठे नजर चुकली ते कळत नाही.

पात्राने मूर्खपणा केला, तर ते भोक नव्हे. माणसं मूर्खपणा करतात. एखादा प्रश्न अनुत्तरित राहिला, तर तेही भोक नव्हे. शेवटी यानावर पिकार्ड सोडून कुणालाच काही आठवत नाही, भूतकाळही बदललेला दिसत नाही, हे का? हा सगळा खेळ क्यू नावाच्या सर्वशक्तिमान प्राण्याने मांडलेला असतो, त्यामुळे ते खपून जातं. गोष्टीने स्वतःचा नियम मोडला आणि पुढचं कथानक त्या मोडण्यावरच उभं राहिलं, की मग खरं भोक.

कागदावर रेघ मारा

काळाचा घोळ डोक्यात सुटत नाही, कागदावर सुटतो. भविष्यातल्या घटनांची एक आडवी रेघ मारा. डावीकडे ‘अ’: पिकार्ड ‘पाश्चर’ नावाच्या इस्पितळ-यानातून डेव्हरॉनला पोहोचतो. मध्ये ‘ब’: डेटा नावाच्या यंत्रमानवाच्या सूचनेनुसार किरण सोडला जातो. उजवीकडे ‘क’: मधल्या काळात क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांच्या हल्ल्यात ‘पाश्चर’ नष्ट झालेलं असतं, आणि काही तासांनी सगळे एंटरप्राइजमधून परत येतात.

आता ‘ब’वर टिंब द्या, कारण भेग तिथे पडते. ती वाढते भूतकाळाकडे, तेव्हा बाण टिंबापासून डावीकडे काढा. बाण ‘अ’वरून जातो. ‘क’ त्याच्या बाहेर राहतो.

म्हणजे गोष्टीच्याच नियमाप्रमाणे, पिकार्ड पहिल्यांदा पोहोचला तेव्हा भेग दिसायला हवी होती आणि परत आला तेव्हा नसायला हवी होती. भागात नेमकं उलटं दाखवलंय. ‘अ’ला अवकाश रिकामं असतं. ‘क’ला इवलीशी भेग नुकतीच उमललेली असते. मी ही रेघ पहिल्यांदा काढली तेव्हा बाण चुकीच्या बाजूला काढला की काय म्हणून खोडून पुन्हा काढली होती.

बचावपक्षालाही बोलू द्या

दुसरी एक खटकणारी गोष्ट घेऊ. शेवटाकडे डेटा म्हणतो की तिन्ही किरण इतके सारखे आहेत की जणू तिन्ही एंटरप्राइजमधूनच निघाले असावेत. पण तिसरा तर ‘पाश्चर’मधून निघाला होता! इथे बचाव करता येतो: तिन्ही काळांत किरणाची जुळणी डेटाचीच, तेव्हा किरण सारखे असणारच, आणि ‘जणू’ हा शब्दही त्याच्या वाक्यात आहे. ताणलेला बचाव आहे, पण उभा राहतो. ही चूक मी किरकोळ धरतो.

बाणाच्या दिशेला मात्र मला आजवर पटण्यासारखा बचाव सापडलेला नाही. आणि ती खुपते, कारण क्यू पिकार्डची जी परीक्षा घेत असतो ती याच कोड्याची असते: कारण आधी आणि परिणाम नंतर, ही चौकट माणसाला क्षणभर सोडता येते का? तो क्षण आला आणि लेखकांनीच जुन्या सवयीने भेग ‘नंतर’ उगवलेली दाखवली.

टिपण एका वाक्यात लिहा

नियम, भंग, परिणाम, याच क्रमाने. ‘भेग भूतकाळाकडे वाढते असं सांगितलं, पण ती किरण सोडण्याआधी दिसत नाही, नंतर दिसते, त्यामुळे पिकार्डला उलगडा होण्याचा प्रसंगच नियमाबाहेर घडतो.’ एवढ्यात मावत नसेल तर चूक अजून तुम्हाला नीट सापडलेली नाही.

मग दुरुस्त करून बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. समजा, ‘अ’ला पोहोचताच छोटीशी भेग दिसली, डेटाने तिच्यावर किरण सोडला आणि ती नाहीशी झाली. सगळे खूश, आणि एकट्या पिकार्डला घाम फुटतो. हे नियमात चपखल बसतं.

पण मग शेवट आठवा. तिन्ही काळांतली तीन एंटरप्राइज यानं एकाच वेळी भेगेत शिरतात आणि ती मिटवता मिटवता एकेक करून फुटतात. तिसरं यान तिथे येतं ते ‘क’ला. आपल्या दुरुस्तीनंतर ‘क’ला भेगच उरत नाही, त्या यानाला शिरायला जागाच नाही. मी दोन-तीनदा वेगवेगळ्या पद्धतीने मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी बाण सरळ झाला आणि तिसरं यान बाहेर राहिलं.