कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही: मांडीतल्या चरबीचं काय करायचं

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या तालमीत मी पोरांचा सराव घेतो. सल्ला विचारायला मात्र जास्त करून जुने पैलवान येतात. कुस्ती सुटलेली, बदाम-तूप-थंडाई चालूच, आणि चाळिशीत रक्तातली साखर वाढलेली. मांडीच्या स्नायूत चरबी साठली म्हणून हे झालं, असं त्यांनी ऐकलेलं असतं.

त्यांना मी आधी सांगतो, स्नायूत चरबी असणं हा रोग नव्हे. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्यांच्या मांडीत चरबीचे सूक्ष्म थेंब मधुमेह्यांइतके, कधी त्याहून जास्त सापडतात. 2001 साली अमेरिकेतल्या अभ्यासात हे दिसलं, आणि तरी सराव करणाऱ्यांचं इन्सुलिन उत्तम चालतं. कारण त्यांचा थेंब रोज वापरला जातो आणि रोज नव्याने भरतो.

या थेंबावर पेरिलिपिन नावाच्या प्रथिनांचं आवरण असतं. स्नायूत त्यातली 2 आणि 5 क्रमांकाची महत्त्वाची. चरबी कधी कोंडून ठेवायची आणि कधी सोडायची, यावर त्यांचा ताबा. पेरिलिपिन 5 तर थेंबाला मायटोकाँड्रियाला, म्हणजे चरबी जाळून ऊर्जा देणाऱ्या पेशीतल्या भट्टीला, चिकटवून ठेवतं. चुलीच्या तोंडाशीच जळण रचल्यासारखं. व्यायामाने ही प्रथिनं वाढतात. 2013 साली ब्रिटनमध्ये बैठं काम करणाऱ्या तरुणांना सहा आठवडे सराव दिला, तेव्हा दोन्ही वाढली आणि व्यायामात थेंबही जास्त जळले. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस 40 ते 60 मिनिटं सायकल मारली. दुसऱ्याने तीन दिवस, 30 सेकंद जीव तोडून, मग साडेचार मिनिटं उसंत, असं चार ते सहा वेळा.

दुसरा प्रकार चाळिशीनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. तुम्ही पहिला धरा. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झपाझप चाला: बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. रविवारी राजहंसगडाची चढण घ्या. आठवड्यातून दोनदा बैठका हव्यातच, ताकदीच्या व्यायामानेही ही प्रथिनं वाढतात.

आता ताट. भाकरी, झुणका, उसळ, पालेभाजी बिनधास्त खा. शेंगतेलात ओलेइक आम्ल हा चरबीचा घटक भरपूर असतो, तो थेंबात नीट साठतो. तूप-खव्यातलं पामिटिक आम्ल जास्त झालं आणि अंग हललं नाही, तर सिरॅमाइडसारखे पदार्थ तयार होऊन साखर आत घे हा इन्सुलिनचा निरोप अडवतात. म्हणून कुंदा सणासुदीला, चमचाभर, आणि जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. दुपारी जेवून खाटेवर पडायची पैलवानी सवय तेवढी मोडा.

उपाशीपोटी सकाळी चाललं तर स्नायूतली चरबी जास्त वापरली जाते. पण इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे करू नका, साखर एकदम खाली येऊ शकते. आणि व्यायामाविना दोन-तीन दिवसांचा कडक उपास मला पटत नाही. तेव्हा अंगावरची चरबी रक्तात उतरते, आणि तीच स्नायूत येऊन साठते.

गुडघे गेले असतील तर गडाचा हट्ट सोडा, सायकल घ्या. मांडीला काम तितकंच मिळतं.