सार्वजनिक इतिहासाचे शिक्षण कसे घ्यावे

सार्वजनिक इतिहासात, म्हणजे लोकांपर्यंत इतिहास नेणाऱ्या संग्रहालय, अभिलेखागार, वारसा-फेरी किंवा मौखिक इतिहास (लोकांच्या आठवणी मुलाखतींतून नोंदवणे) अशा क्षेत्रांत, काम करू इच्छिणाऱ्या पदवीधराने अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा तेथे प्रत्यक्ष काय हाताळायला मिळते, हे आधी पाहावे. वस्तूंची मांडणी आणि जतन यांकडे ओढा असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील १९५२ पासूनचा संग्रहालयशास्त्र विभाग विचारात घ्यावा. उत्खनन आणि पुरातत्त्व यांसाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे.

मराठी विद्यार्थ्याने मात्र मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिले जात ती लिपी, शिकणे टाळू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील, म्हणजे पेशवेकालीन कागदपत्रांच्या संग्रहातील, मोडी कागद वाचता आले नाहीत, तर मराठेशाहीवरील प्रदर्शनासाठी इतरांच्या निवडीवर विसंबावे लागते. अक्षरओळख लवकर होते. खरा वेळ जातो तो जोडाक्षरे, संक्षेप आणि निरनिराळ्या लेखकांची वळणे अंगवळणी पडण्यात, म्हणून रोज थोडे तरी मूळ कागदावरून लिप्यंतर करावे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जाणत्यांची गाठ पडते, आणि शंका तिथेच सुटतात.

मौखिक इतिहासासाठी मुलाखती घेताना लेखी संमती, ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत आणि दिनांकासह नोंद या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी पूर्ण कराव्यात. प्रबंधासोबत लोकांसमोर मांडलेले एखादे छोटे प्रदर्शन असावे आणि त्यातील फलकांचा मजकूर इतिहासाबाहेरच्या माणसाकडून आधी वाचून घ्यावा. नोकरीच्या मुलाखतीत, माझ्या मते, गुणपत्रिकेपेक्षा तेच अधिक बोलते.